दोन-दोनचे माप : गर्भनिरोधक रिंगच्या पृष्ठभागाचा इतिहास

कासाराच्या दुकानात बांगडी मागताना बाई रंगाआधी माप सांगते. दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा. यातला पहिला आकडा इंचांचा आणि दुसरा इंचाच्या सोळाव्या भागांचा. दोन-दोन म्हणजे दोन पूर्णांक दोन सोळांश इंच. मिलिमीटरमध्ये मोजले तर ५४ भरतात. २००१ साली आधी नेदरलँड्समध्ये आणि मग अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘नुव्हारिंग’ या गर्भनिरोधक साधनाचा बाहेरचा व्यास नेमका ५४ मिलिमीटर आहे. दोन-दोनच्या बांगडीच्या आत ते जेमतेम बसेल. कड्याची जाडी ४ मिलिमीटर. रंग नाही, वास नाही, खाच नाही. बोटांनी दाबले की त्याचा लंबगोल होतो, सोडले की पुन्हा गोल.

स्त्रीने ही रिंग स्वतःच्या हाताने योनीत बसवायची, तीन आठवडे ठेवायची, एक आठवडा काढायची आणि मग नवी घ्यायची. पुष्कळांचा समज असा असतो की ती एखाद्या बुचासारखी वाट अडवत असेल. तसे काही नाही. ती काहीच अडवत नाही. तिच्या अंगातून रोज ठरावीक मायक्रोग्रॅम संप्रेरके झिरपतात, योनीच्या अस्तरातून रक्तात जातात आणि बीजकोशातून बीज सुटण्याची क्रिया थांबवतात. काम गोळीचेच, फक्त रोजच्या आठवणीशिवाय.

या रिंगविषयी जे थोडेफार लिहिले जाते ते संप्रेरकांविषयी असते. प्रस्तुत लेखाचा विषय वेगळा आहे. रिंग ज्या पदार्थाची बनते तो पदार्थ, त्याची जाडी, ताठपणा, आणि शरीराला प्रत्यक्ष टेकणारा तिचा पृष्ठभाग यांचा हा इतिहास आहे. साठ वर्षांच्या या इतिहासात प्लॅस्टिकचा पृष्ठभाग मायक्रॉनमध्ये मोजला गेला. त्याला टेकणारा दुसरा पृष्ठभाग, म्हणजे निरोगी स्त्रीच्या योनीचे अस्तर, नेहमी कसे दिसते याची नीट नोंद मात्र कोणी केलेली नव्हती. ती उणीव एका टप्प्यावर फार महागात पडली. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

रबराच्या आधी आणि रबरानंतर

योनीत औषध किंवा आधार ठेवण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी १८००च्या सुमाराच्या इजिप्तमधील काहून पपायरसात गर्भ राहू नये म्हणून योनीत ठेवायचे लेप सांगितलेले आहेत. मगरीच्या विष्ठेचा प्रसिद्ध उल्लेख तिथलाच. आपल्याकडे चरकसंहितेत योनिव्यापदांच्या चिकित्सेत औषधी तेलात भिजवलेला कापसाचा बोळा, म्हणजे पिचू, आणि औषधाची वात, म्हणजे वर्ती, येते. या सगळ्यांत औषध वाहून नेणारा पदार्थ कापूस, लोकर, मध, पीठ असा हाताशी असलेला होता. तो औषध किती वेगाने सोडेल यावर कोणाचा ताबा नव्हता.

कड्याच्या आकाराचे साधन आले ते दुसऱ्या कारणासाठी. गर्भाशय खाली उतरू नये म्हणून आधार देणारी कडी लाकडाची, मेणाची, धातूची असत. १८३९मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ करण्याची रीत सापडली आणि पुढच्या दोन दशकांत अमेरिकी डॉक्टर ह्यू लेनॉक्स हॉज यांनी कठीण रबराचा, योनीच्या वळणाप्रमाणे वाकवलेला आधार प्रचारात आणला. १८८०च्या दशकात जर्मन डॉक्टर विल्हेल्म मेन्सिंगा यांनी मऊ रबराचा पडदा आणि त्याच्या काठात स्प्रिंग असे गर्भनिरोधक साधन तयार केले. मराठी वाचकाला ही रबरी साधने पहिल्यांदा भेटली ती र. धों. कर्व्यांमुळे. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. ज्या काळात या साधनांचे नाव घेणे म्हणजे खटला ओढवून घेणे होते, त्या काळात त्यांनी ती कशी वापरायची हे साध्या मराठीत सांगितले.

पण या साधनांचे काम अडवण्याचे होते. योनीचे अस्तर ही एक वाट आहे, तिथून औषध सरळ रक्तात जाऊ शकते, हे प्रयोगाने दाखवले डेव्हिड माख्त यांनी, १९१८मध्ये. त्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून मॉर्फिन, ॲट्रोपिन अशी द्रव्ये योनीतून शोषली जातात हे नोंदवले. त्याचा अर्थ पुढे नीट उलगडला. तोंडावाटे घेतलेले औषध आतड्यातून आधी यकृतात जाते आणि तिथे त्याचा बराच भाग मोडतो. योनीतून शोषलेले औषध तो फेरा टाळते. त्यामुळे कमी मात्रा पुरते. शिवाय योनीच्या वरच्या भागाला स्पर्शाची जाण कमी असते, त्यामुळे तिथली वस्तू सहसा जाणवत नाही. वाट सापडली होती. हवा होता तो तिथे आठवडेच्या आठवडे पडून राहून औषध मोजून सोडणारा पदार्थ.

पाझरणारे रबर

तो पदार्थ म्हणजे सिलिकोन. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या संयुगांचा पाया घातला. त्यांना स्वतःला त्या चिकट लगद्यांचा व्यवहारात फारसा उपयोग दिसत नव्हता. दुसऱ्या महायुद्धात विमानांना उष्णता आणि थंडी दोन्ही सोसणारे रबर व वंगण हवे झाले आणि सिलिकोनचा उद्योग उभा राहिला. १९५०च्या दशकात ते शल्यचिकित्सेत आले, कारण शरीर त्याच्यावर फारसे चिडत नाही.

१९६४मध्ये जुडा फोकमन आणि डेव्हिड लाँग या अमेरिकी नौदलाच्या वैद्यकीय केंद्रात काम केलेल्या दोघांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सिलिकोन रबराच्या बंद कुपीत औषध भरून ती कुत्र्यांच्या हृदयाच्या स्नायूत बसवली, तर औषध रबराच्या भिंतीतून दीर्घकाळ, हळूहळू बाहेर येत राहते, असे त्यांना आढळले. कुपीला कुठे भोक नव्हते. औषध भिंतीतच विरघळत होते आणि पलीकडे निघत होते. फोकमन पुढे कर्करोगाच्या संशोधनासाठी जगप्रसिद्ध झाले. या शोधावर मात्र त्यांनी पेटंटचा हक्क ठेवला नाही. न्यूयॉर्कच्या पॉप्युलेशन कौन्सिलला तो विनामोबदला वापरता आला. तिथल्या शेल्डन सीगल यांनी चिलीच्या होरासिओ क्रोक्सॅटो यांच्यासह गर्भनिरोधक संप्रेरके अशा कुपीतून देता येतील हे ओळखले. त्वचेखाली बसवायच्या ‘नॉरप्लांट’चा उगम इथे आहे आणि योनीतल्या रिंगचाही.

सिलिकोनच का, याचे उत्तर त्याच्या रेणूत आहे. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या एकाआड एक साखळीवर मिथिल गट लटकलेले असतात. ही साखळी अतिशय लवचिक असते, शरीराच्या तापमानाला सतत वळवळत असते. तिच्यातून स्टिरॉइड जातीची छोटी, तेलाशी सख्य असलेली संप्रेरके वाट काढतात. पाण्याशी सख्य असलेले मोठे रेणू तिथे अडतात. त्यामुळे इन्सुलिन या भिंतीतून जाणार नाही, प्रोजेस्टेरॉन जाईल.

ओल आणि माठ

पहिल्या रिंगा साध्या होत्या. संप्रेरकाची पूड सिलिकोनमध्ये कालवायची, साच्यात ओतायची, घट्ट होऊ द्यायची. १९७०मध्ये लॉस एंजेलिसचे डॅनिएल मिशेल आणि त्यांचे सहकारी यांनी मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन कालवलेल्या अशा रिंगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बीज सुटणे थांबते हे त्यांनी दाखवले. पण या रचनेत एक मूळचा दोष होता.

पावसाळा संपल्यावर शेताच्या वरच्या थराची ओल आधी उडते. खालच्या ओलीला वर यायला मग अधिकाधिक वेळ लागतो. कालवलेल्या रिंगचे तसेच होते. पृष्ठभागाजवळचे औषध पहिल्या दिवसांत भराभर निघून जाते, मग आतल्या कणांना लांबची वाट तुडवावी लागते. ताकेरू हिगुची यांनी १९६१मध्ये याचे गणित मांडले होते. निघालेले एकूण औषध काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे चौपट दिवसांत औषध निघते दुप्पटच. सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त आणि शेवटी कदाचित कमी. जास्त संप्रेरकाचा त्रास आणि कमी संप्रेरकाचा धोका, दोन्ही एकाच कड्यात.

उपाय होता माठाचा. माठ भरलेला असो की अर्धा, त्याच्या भिंतीच्या ओल्या भागातून पाणी पाझरण्याचा वेग भिंतीची जाडी आणि तिची सच्छिद्रता ठरवतात. रिंगमध्येही औषध आत गाभ्यात ठेवायचे आणि बाहेरून औषध नसलेल्या सिलिकोनचे आवरण द्यायचे. आत औषध पुरेसे आहे तोवर आवरणाच्या दोन्ही बाजूंमधला फरक कायम राहतो आणि अडोल्फ फिक यांनी १८५५मध्ये सांगितलेल्या नियमाप्रमाणे झिरपण्याचा वेगही कायम राहतो. पॉप्युलेशन कौन्सिलने बिनऔषधी गाभा, त्यावर औषधाचा पातळ थर आणि त्यावर आवरण अशी तीन थरांची रिंग केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रकल्पाने मधोमध औषधी गाभा आणि भोवती जाड आवरण हा मार्ग धरला.

माठाच्या या युक्तीची किंमत मोजावी लागते ती शिल्लक औषधात. फरक कायम राहायचा तर आत भरपूर औषध उरले पाहिजे. नुव्हारिंगमध्ये इटोनोजेस्ट्रेल ११.७ मिलिग्रॅम असते आणि रोज सरासरी १२० मायक्रोग्रॅम निघते. २१ दिवसांचा हिशेब केला तर अडीच मिलिग्रॅम. उरलेले नऊ मिलिग्रॅमहून अधिक औषध रिंगसोबत कचऱ्यात जाते. म्हणूनच वापरलेली रिंग संडासात टाकू नये, पाकिटात बंद करून कचऱ्यात टाकावी, अशी सूचना असते. पाण्यात गेलेले संप्रेरक माशांपर्यंत पोहोचते.

लाल चट्टे

जागतिक आरोग्य संघटनेची रिंग या कहाणीचा मध्य आहे. ती फक्त लेव्होनोर्जेस्ट्रेल सोडत होती, रोज २० मायक्रोग्रॅम, सलग ९० दिवस. इस्ट्रोजेन नसल्यामुळे ती जगभरच्या, विशेषतः गरीब देशांतल्या स्त्रियांना चालेल अशी अपेक्षा होती. व्यास साडेपंचावन्न मिलिमीटर, कड्याची जाडी साडेनऊ. १३ देशांतल्या १९ केंद्रांमध्ये हजाराच्या वर स्त्रियांनी ती वापरून पाहिली आणि निष्कर्ष १९९०मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षाला शंभरात साधारण चार जणींना गर्भ राहिला. वजन जास्त असलेल्यांमध्ये हे प्रमाण अधिक होते. वर्षभरात सुमारे निम्म्या स्त्रियांनी रिंग सोडली. मुख्य कारण अनियमित रक्तस्राव. त्याखेरीज रिंग वारंवार बाहेर येणे आणि योनीतल्या तक्रारी.

तरी रिंग बाजारात येण्याच्या उंबरठ्यावर होती. तेवढ्यात ब्रिटनमध्ये, विक्रीआधीच्या अभ्यासात, डॉक्टरांना तपासणीत काही स्त्रियांच्या योनीच्या अस्तरावर लाल चट्टे दिसले. १९९३मध्ये ही नोंद छापून आली. कोणाची कल्पना नव्हती असे हे निरीक्षण होते. आधीच्या मोठ्या चाचणीत अस्तराकडे अशा बारकाईने पाहिलेच नव्हते.

संशय आधी रिंगच्या ताठपणावर गेला, आणि त्यात तथ्य होते. पदार्थ आणि व्यास तोच ठेवून कड्याची जाडी दुप्पट केली, तर ते दाबायला सोळापट जोर लागतो. जाडीच्या चौथ्या घाताचा हा नियम कुठल्याही अभियंत्याला पाठ असतो. साडेनऊ मिलिमीटरचे कडे तीन महिने एकाच जागी अस्तराला टेकून राहते. घट्ट बांगडीचा वळ मनगटावर उठतो, पण बांगडी मनगटावर सरकते तरी. ही रिंग बहुधा एकाच जागी दाब देत राहत असावी. दुसरा संशय लेव्होनोर्जेस्ट्रेलवर होता, कारण ते अस्तर पातळ करत असेल. तिसरा, सिलिकोनच्या कोरड्या पृष्ठभागावर. संघटनेने अधिक लवचिक रिंग बनवून घेतली आणि अभ्यास पुन्हा सुरू केले.

हे अभ्यास सुरू झाल्यावर मूळ प्रश्न पुढे आला. हे चट्टे रिंगमुळे आले, हे कशावरून? त्यासाठी रिंग न वापरणाऱ्या निरोगी स्त्रीचे अस्तर कसे दिसते हे माहीत हवे. ते माहीत नव्हते. गर्भाशयाच्या मुखाचे चित्र शंभरदा काढले गेले होते, कारण तिथे कर्करोग होतो. योनीच्या भिंतीचे निरोगी असतानाचे रूप, महिन्याच्या वेगवेगळ्या दिवशी, संबंधानंतर, टॅम्पॉन वापरल्यानंतर, कोणी पद्धतशीर टिपलेच नव्हते. ऑस्ट्रेलियातले इयान फ्रेझर आणि अनेक देशांतले त्यांचे सहकारी यांनी ते केले आणि १९९९मध्ये प्रसिद्ध केले. कुठलेच साधन न वापरणाऱ्या निरोगी स्त्रियांमध्येही लालसर ठिपके, बारीक ओरखडे, चट्टे दिसतात; संबंधानंतर आणि टॅम्पॉननंतर अधिक दिसतात आणि आपोआप जातात. त्याच सुमारास बिनऔषधी लवचिक रिंग वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या स्त्रियांची तुलनाही झाली आणि त्यात काळजीचे काही निघाले नाही.

पण तोवर वेळ निघून गेली होती. वीस वर्षांची तयारी असलेली ही रिंग बाजारात आलीच नाही. ताठपणाचा दोष खरा होता आणि तो सुधारायलाच हवा होता. मात्र त्या चट्ट्यांपैकी किती रिंगचे आणि किती रोजच्या आयुष्याचे, हे सांगता आले असते, जर तुलनेची नोंद आधी झालेली असती. आवरणाची जाडी, रोजची मात्रा, ९० दिवसांचा आलेख, सगळे कागदावर होते. एक कोरा कागद होता आणि तो नेमका शरीराच्या बाजूचा होता.

चपलेच्या तळव्याचे प्लॅस्टिक

दरम्यान नेदरलँड्समध्ये वेगळ्या पदार्थावर काम चालू होते. इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, संक्षेपाने ईव्हीए. हलक्या चपलांचा फुगवलेला तळवा आणि गरम करून वापरायच्या गोंदाच्या कांड्या याच कुळातल्या. यात व्हिनाइल ॲसिटेटचे प्रमाण वाढवले की प्लॅस्टिक मऊ होते आणि औषध सहज जाऊ देते. कमी केले की घट्ट होते आणि अडवते. एकाच पदार्थात भिंत आणि माठाचे पोट दोन्ही करता येतात. नुव्हारिंगच्या गाभ्यात हे प्रमाण २८ टक्के आहे, आवरणात ९ टक्के. आवरणाची जाडी सुमारे ११० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या नवव्या भागाएवढी. रोज १२० मायक्रोग्रॅम इटोनोजेस्ट्रेल आणि १५ मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्राडिओल हा हिशेब या पापुद्र्यावर अवलंबून आहे.

बनवण्याची रीतही बदलली. सिलिकोन साच्यात घट्ट होते. ईव्हीए उष्णतेने वितळते. गाभा आणि आवरण एकाच वेळी, एकात एक, धाग्यासारखे बाहेर ओढायचे, ठरावीक लांबीचे तुकडे करायचे आणि दोन टोके उष्णतेने जोडायची. साच्याची कड उरत नाही, पृष्ठभाग गुळगुळीत येतो. ईव्हीए सिलिकोनपेक्षा कडक असल्यामुळे कडे बारीक ठेवणे भाग होते आणि ४ मिलिमीटरला ते पुरेसे लवचिक झाले. याचा दुबळा बिंदू म्हणजे सांधा. रिंग सांध्यावर सुटल्याच्या काही तक्रारी आल्या आणि ती सूचना माहितीपत्रकात घालावी लागली. संप्रेरकांचे धोके मात्र पृष्ठभाग बदलून जात नाहीत. इस्ट्रोजेन असलेल्या गोळीसारखा रक्तात गुठळी होण्याचा धोका इथेही आहे आणि पस्तिशीपुढच्या धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांना ही रिंग देत नाहीत.

दुसरी अडचण तापमानाची. गाभ्यात औषध प्लॅस्टिकच्या खऱ्या क्षमतेपेक्षा जास्त विरघळवून ठेवलेले असते. पाक पक्का झाला आणि तसाच ठेवला तर साखर धरतो, हे घरोघरी ठाऊक आहे. तसेच इथे संप्रेरक पुन्हा स्फटिक धरू शकते, रिंगच्या बाहेरच्या पृष्ठभागावरसुद्धा. म्हणून नुव्हारिंग दुकानात २ ते ८ अंशांत ठेवायची आणि ग्राहकाच्या हाती गेल्यावर चार महिन्यांत वापरायची, २५ अंशांच्या आसपास, ३० अंशांवर कधीच नाही. पुढे युरोपात आलेल्या ‘ऑर्निबेल’ने गाभ्यासाठी पॉलियुरेथेन घेतले आणि थंड साठवणीची अट काढून टाकली. बदल झाला तो प्लॅस्टिकमध्ये. औषधे तीच होती.

पृष्ठभागावर काय राहते

सिलिकोनवर पाण्याचा थेंब पसरत नाही, उभा राहतो. अळूच्या पानाइतका नाही, पण प्रवृत्ती तीच. रिंग शरीरात गेल्यावर हा कोरडेपणा फार टिकत नाही. काही मिनिटांतच प्रथिनांचा पातळ थर तिच्यावर बसतो. मग अस्तराच्या झडलेल्या पेशी आणि जंतू. २०११मध्ये माकडांमध्ये ठेवलेल्या रिंगांचा असा अभ्यास छापून आला. पृष्ठभागावर जंतूंचे पापुद्रे दिसले. हे ऐकून दचकायला होते. पण निरोगी योनी जंतूविरहित कधीच नसते. तिथली आम्लता राखणारे लॅक्टोबॅसिलस हे दह्याच्या विरजणाच्या नात्यातले जंतू आहेत आणि नुव्हारिंग वापरणाऱ्यांमध्ये त्यांचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांपेक्षा वाढलेले आढळले होते. वाढलेला ओलावा ही तक्रारही होती आणि काहींच्या मते सोयही.

पृष्ठभागाचा आणखी एक धडा रसायनशास्त्राचा आहे. सिलिकोन घट्ट करण्याच्या दोन रीती आहेत, एक कथिलाच्या संयुगाने आणि दुसरी प्लॅटिनमने. दुसरी स्वच्छ मानली जाते. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात कार्ल माल्कम यांच्या गटाला मात्र आढळले की प्लॅटिनमच्या रीतीत लेव्होनोर्जेस्ट्रेल सिलिकोनशीच कायमचे जोडले जाऊ शकते आणि तेवढे औषध बाहेर येतच नाही. निष्क्रिय म्हणून निवडलेला पदार्थ औषधाशी संसार थाटतो, हे चाचणीआधी कळलेले बरे.

एक वर्षाची रिंग आणि आपण

पॉप्युलेशन कौन्सिलने सिलिकोन सोडले नाही. १० ऑगस्ट २०१८ रोजी अमेरिकेत मान्यता मिळालेली ‘अ‍ॅनोव्हेरा’ ५६ मिलिमीटर व्यासाची, ८.४ मिलिमीटर जाडीची पांढरी मऊ रिंग आहे. तिच्या पोटात दोन नळ्यांत दोन गाभे आहेत. एकात फक्त सेजेस्टेरॉन, दुसऱ्यात सेजेस्टेरॉन आणि इथिनिल इस्ट्राडिओल. ती एकच रिंग वर्षभर, १३ चक्रे, तीन आठवडे आत आणि एक आठवडा बाहेर अशी वापरायची. साध्या साबणाने कोमट पाण्यात धुवायची. तेलकट किंवा सिलिकोनयुक्त वंगण वापरायचे नाही, कारण ते पृष्ठभागात मुरते आणि औषध झिरपण्याचा वेग बदलते. फ्रिज लागत नाही. मिशेल यांच्या पहिल्या रिंगांपासून इथवर ४८ वर्षे गेली.

भारताशी या इतिहासाचा थेट धागा आहे तो बाळंतिणींच्या रिंगचा. अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी फक्त प्रोजेस्टेरॉन सोडणारी, रोज सुमारे १० मिलिग्रॅम, तीन महिन्यांची सिलिकोनची रिंग चिलीत १९९८पासून मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तिची अनेक केंद्रांमध्ये चाचणी घेतली. २०१७ साली सरकारी कार्यक्रमात ‘अंतरा’ हे इंजेक्शन आणि ‘छाया’ ही गोळी आली. रिंग त्या यादीत नव्हती.

ती आली तर कोणत्या पदार्थाची येते, याला महत्त्व आहे. चंद्रपूर किंवा अकोल्यात मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जाणारा पारा आणि तासन्‌तास जाणारी वीज धरली, तर २ ते ८ अंशांची अट म्हणजे उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेच्या हातून रिंग काढून घेणे. थंडपणा न मागणारे सिलिकोन इथे औषधाइतकेच मोलाचे ठरते. १९६५मध्ये पॉलिथिलीनचे लिप्स लूप मोठ्या उत्साहाने गावोगाव बसवले गेले आणि रक्तस्रावाच्या तक्रारी ऐकून न घेतल्यामुळे त्याचे नाव बदनाम झाले. ते साधन डॉक्टरच्या हाताने बसत होते आणि डॉक्टरच्याच हाताने निघत होते. रिंगचा मोठा गुण हा की ती बाई स्वतः बसवते आणि नको वाटली की स्वतः काढते. कोणाची परवानगी लागत नाही.

रिंग आली, तर तिच्यासोबत एक वही यायला हवी. आपल्याकडच्या स्त्रियांचे अस्तर, त्यांचा अशक्तपणा, लागोपाठची बाळंतपणे, पाळीच्या कापडापासून पॅडपर्यंतच्या सवयी यांची नोंद साधनाच्या आधी व्हायला हवी. चट्टा दिसल्यावर नाही. नाहीतर पुन्हा एकदा कड्याची मापे चोख असतील आणि बाईची कोरी राहील. कासारसुद्धा बांगडी चढवण्याआधी हात हातात घेतो, दाबून पाहतो आणि मगच पेटी उघडतो.